रुमालाखालचा हात

मला फसवणारे आयुष्यात पुष्कळ भेटले. बहुतेकांना मी त्याच हंगामात परत गाठलं आणि फिट्टंफाट करून टाकली. एकच राहिला. पाटकरशेठ. त्यांनी एका सौद्यात माझ्याशी जे केलं ते मी आजवर विसरलेलो नाही. आता ते बाजारात नाहीत. गाळा पुतण्याच्या हवाली करून कोकणात आपल्या गावी जाऊन राहिलेत, त्यामुळे परतफेड करायची सोयही राहिलेली नाही. म्हणून लिहितो.

मी साताऱ्याकडचा. या बाजारात डोक्यावर पाट्या वाहत शिरलो, मग हातगाडी, मग नेरूळला स्टेशनजवळ स्वतःचं फळांचं दुकान. मला कोणी काही आयतं दिलं नाही. जे मिळवलं ते भांडून. आणि भांडण ज्यांच्याकडून शिकलो ते पाटकरशेठ. वाशीच्या फळबाजारात त्यांचा हापूसचा गाळा होता. ते अडत्ये, कोकणातल्या बागायतदारांचा माल विकून देणारे. मी घेणारा.

तेव्हा चांगल्या हापूसचा सौदा तोंडाने होत नसे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहात, हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. किती बोटं धरली, पुरतं बोट धरलं की नुसतं पेर, यावरून आकडा. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागत नसे. तोंडाने दोघं भलतंच बोलत असत. पोरीचं लग्न कुठे ठरलं, गावची एसटी वेळेवर येते का. आणि एकदा मूठ मिटली की सौदा झाला. मग देव खाली उतरला तरी मागे फिरायचं नाही.

हात माणसाची चुगली करतो. ज्याला गरज असते त्याच्या तळव्याला घाम येतो. लबाडाचा अंगठा आधीच ताठतो. मी हे सगळे हात ओळखायचो. पाटकरशेठांचा हात मात्र ओळखता येत नसे. लांब बोटांचा, कोरडा, भर मे महिन्यातसुद्धा गार. तो हात खोटं बोलायला शिकलेला होता. ते चेहऱ्याने बिचारे दिसत, तोंडाने म्हणत, "जाधवा, यंदा मोहोरच गळला रे, शेतकरी मेला बिचारा," आणि खाली बोटं दगडासारखी. "भाव बोटात असतो," ते म्हणायचे, "तोंडात फक्त तंबाखू."

त्यांचा रुमाल पांढरा, निळ्या काठाचा, रोज धुतलेला. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, तो स्वतः धूत असत. दुसऱ्या कुणाच्या रुमालाखाली ते हात घालत नसत. चहा बशीतून. पोऱ्याने बशी काठोकाठ भरायची, शेठनी ती तीन बोटांवर तोलून धरायची आणि तशीच धरून पुढची दहा माणसं निपटायची. कुणाला शिवी, कुणाला पत्ता, कुणाला सल्ला. चहावर साय धरायची पण थेंब सांडायचा नाही. मी आलो की दुरूनच ओरडायचे, "आला रे आला, सातारचा कोल्हा आला! पेट्या झाका." मग आमचं भांडण सुरू. बाजारातली माणसं हातातलं काम टाकून ऐकायची. एवढ्या वर्षांत त्या रुमालाखाली मी एकदाही जिंकलो नाही.

आणि मग एकदा जिंकलो.

हंगाम संपत आला होता. मी रुमालाखाली चेष्टा म्हणून असा भाव लावला की ऐकणाऱ्याने मला लाथ घालावी. पाटकरशेठनी मूठ मिटली. शिवी नाही, भांडण नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"शेठ, बरं नाही का?"

"बराच आहे." मग त्यांनी पेटीतला एक आंबा उचलला, देठाकडून हुंगला. हे त्यांचं नेहमीचं. नुसतं हुंगून सांगायचे कुठला आंबा कुठल्या वारी पिकेल. आंबा त्यांनी परत पेंढ्यात ठेवला. "वास येत नाही रे."

"सर्दी झाली असेल."

"सर्दी नाही. आंब्यालाच वास नाही. कशालाच नाही."

पावसाळाभर माणूस घरात बसून राहिला. नेरूळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी खुर्ची होती, तिच्यात. जेव म्हटलं की जेवायचे, झोप म्हटलं की पडायचे, डोळे मात्र उघडे. भेटायला येणारा प्रत्येकजण एक कारण घेऊन यायचा. कुणी म्हणालं बाहेरची बाधा. कुणी म्हणालं दुकानदारीचं टेन्शन. सोसायटीच्या सेक्रेटरीने योगासनं सांगितली. कुणी म्हणालं, पोरगा दुबईला गेला त्याचं घेतलंय मनाला. पोरगा जाऊन सहा वर्षं झाली होती! मी चिडून म्हणालो, "मन काय डाकेने चालतं का?" कारण काही नव्हतं. हेच कुणाला पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. कारण असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

वहिनींनी कुणाचं न ऐकता वाशीच्या एका डॉक्टरीणबाईंना गाठलं. मनाच्या डॉक्टर. कर्णिकबाई. शेठना सांगितलं पित्ताची तपासणी आहे. बाईंनी गोळी दिली. दोन महिने वाट बघितली. मग मात्रा वाढवली. मग ती बदलून दुसरी दिली. दिवाळीपर्यंत एवढंच झालं की शेठ झोपू लागले आणि भिंतीकडे तोंड करून रडायचं थांबले. रडणं गेलं, पण माणूस काही परत आला नाही. खिडकी तीच, खुर्ची तीच. एकदा मी बसलो असताना ते शांतपणे म्हणाले, "सुमनचं माझ्याशिवाय बरं चालेल." वहिनी स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या दुकानावर आल्या. "भाऊजी, तुम्ही चला आमच्याबरोबर बाईंकडे. तुमचं ऐकतात ते."

"माझं? माझं त्यांनी कधी ऐकलंय?"

"भांडता भांडता तरी ऐकतात. माझ्याशी ते भांडतसुद्धा नाहीत आता."

मी गेलो. कर्णिकबाई साध्या, खादीची साडी, चष्मा दोरीला बांधलेला. त्या शेठशी बोलल्या, बराच वेळ, आम्हाला बाहेर बसवून. मग आम्हाला आत घेतलं.

"चालू आहे ती गोळी चालूच राहील," त्या म्हणाल्या. "तिच्या जोडीला आणखी एक देते. आधीच सांगते, म्हणजे बाहेर कुणी सांगितलं तर घाबरायला नको. ही गोळी भास होणाऱ्या, संशयाने पछाडलेल्या आजारात मोठ्या मात्रेत देतात. यांना तो आजार नाही. पण उदासपणा हट्टाला पेटला असेल, तर हिची थोडी जोड दिल्यावर कधी कधी पहिली गोळी काम करायला लागते."

"कधी कधी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे खात्री देत नाही."

"खात्री नाही तर घ्यायची कशाला?"

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही बाजारातले ना? भरलेली हातगाडी चढावर अडली तर काय करता?"

"मागून एक माणूस लावतो."

"आणि पुढे ओढणारा असतो त्याला घरी पाठवता?"

"नाही."

"मग झालं. ही मागून लावायची."

मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मी भाव करायला लागतो. "अर्धी दिली तर चालेल?"

"अर्धीच लिहिली आहे."

"मग पाव?"

"बाई," खुर्चीतून आवाज आला, "याला आवरा. याला फुकट दिलं तरी वर एक आंबा मागतो."

कित्येक महिन्यांत शेठनी केलेली ती पहिली चेष्टा. वहिनींनी पदर तोंडाला लावला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि मग बजावलं: झोप वाढेल, वजन वाढेल, अंग आखडेल, हात कापेल, पायांना स्वस्थता राहणार नाही. यातलं काहीही झालं तर आधी माझ्याकडे यायचं. आपल्या मनाने बंद करायची नाही. "काय वाट्टेल ते झालं तरी आपल्या मनाने नाही," त्या परत म्हणाल्या. बोलत शेठशी होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

गोळी घ्यायला आम्ही नेरूळच्या औषधाच्या दुकानात गेलो. संध्याकाळची गर्दी. दुकानदाराने चिठ्ठी उजेडात धरली. "ही कोणासाठी? ही तर वेड्यांची आहे. बांधून ठेवतात ना, त्यांना देतात ही."

सोसायटीचा सेक्रेटरी खोकल्याचं औषध घेत उभा होता, त्याची मान वळली. मी काउंटरवर हात आपटला. "तू औषध विकतोस का दवंडी पिटतोस रे? चिठ्ठीवर डॉक्टरची सही आहे ना? मग गोळ्या काढ आणि तोंड बंद कर."

गोळ्या मिळाल्या. पण शेठनी ऐकायचं ते ऐकलं होतं. रस्त्यात ते थांबले. "जाधवा, मी वेडा झालोय का रे?"

"वेडे असता तर एक तरी सौदा स्वस्तात दिला असतात."

"दिला की. मे महिन्यात."



पुढचे आठवडे मी माझ्या दुकानात चित्त ठेवू शकलो नाही. रोज दुपारी काही ना काही निमित्त काढून त्यांच्या घरी डोकवायचो. वहिनी दार उघडून नुसती मान हलवायच्या. अजून नाही. एक दिवस त्यांनी सांगितलं, शेठ घरात येरझाऱ्या घालतात, एका जागी बसत नाहीत. मी म्हणालो, चांगलंय, खुर्ची तर सुटली. वहिनींनी शहाणपणा केला, माझं न ऐकता बाईंना फोन केला. बाईंनी गोळीची वेळ बदलली, मात्रा थोडी कमी केली, येरझाऱ्या कमी झाल्या.

संक्रांत गेली. हापूसच्या पहिल्या पेट्या बाजारात आल्या. मी एक आंबा खिशात घालून त्यांच्या घरी नेला आणि काही न बोलता समोरच्या स्टुलावर ठेवला. वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या. शेठ बराच वेळ त्या आंब्याकडे बघत राहिले. मग उचलला. देठ नाकाशी नेलं.

"मंगळवारी," ते म्हणाले. "आणि हा आमच्याकडचा नाही. तुला फसवलंय कुणीतरी."

वहिनी आत पळाल्या. मी तिथेच बसून त्या आंब्यावरून त्यांच्याशी तासभर भांडलो.

शिमग्याच्या सुमाराला शेठ गाळ्यावर परत आले. अंगाने जरा भरलेले, चालणं थोडं हळू, पण डोळे माणसाचे. पोऱ्याने सवयीने बशी काठोकाठ भरली. शेठनी ती तीन बोटांवर घेतली आणि चहा हिंदकळून मनगटावरून बाहीत गेला. हात कापत होता. फार नाही. पानावर वारा लागावा तेवढाच. त्यांनी बशी खाली ठेवली आणि हाताकडे असं बघितलं, जसं काही तो दुसऱ्याचा आहे.

दुसऱ्या कुठल्याही धंद्यात एवढ्या कापऱ्याने काही अडलं नसतं. मास्तर असते, कारकून असते, चाललं असतं. पण यांचा सगळा धंदा त्या पाच बोटांत.

जे व्हायचं तेच झालं. ठाण्याचा नथूशेठ म्हणून एक मोठा घेणारा होता. बागायतदाराचा सगळ्यात वरचा माल, रुमालाखाली दोघांचे हात. शेठनी त्याची बोटं धरली आणि भाव सांगता सांगता हात थरथरला, एक बोट निसटलं. एक बोट सोडणं म्हणजे भाव खाली आणणं. नथूशेठने क्षण दवडला नाही, मूठ मिटली. मी शेजारी उभा होतो. शेठच्या तोंडावरचा रंग उडालेला मी बघितला. "नाही, हात सुटला" एवढं म्हणता आलं असतं. पण मिटलेली मूठ उघडायची रीत नाही, आणि शेठ रीतीचे. बागायतदाराला ठरल्यापेक्षा कमी पडलं ते त्यांनी आपल्या पदरचं घातलं.

बाजाराला ओरडून सांगावं लागत नाही. दुपारपर्यंत सगळ्या गाळ्यांत झालं: पाटकर संपला, वेड्यांच्या गोळ्या खातो. एकाने तर कोकणात बागायतदारांपर्यंत ही खबर पोचवली आणि वर "आम्हाला काळजी वाटते म्हणून सांगतो" असंही म्हणाला. त्याचं नाव लिहीत नाही. त्याला मी बाजारातच उभ्या उभ्या जे सांगायचं ते सांगितलंय.

शेठनी कुणाला न सांगता ती जोडीची गोळी बंद केली. वहिनी हातावर ठेवत, ते तोंडात टाकत, आणि मग खिडकीतून बाहेर. हळूहळू हात स्थिर झाला. बशी परत काठोकाठ. "बघ," ते मला म्हणाले, बशी माझ्या नाकासमोर धरून, "आला की नाही हात परत?" मी टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. आम्हा बाजारातल्या माणसांची ही चूक. आम्ही माणूस हातावरून ओळखतो. हात ठीक तर माणूस ठीक.

पाडवा झाल्यावर एके दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ते बाजारात आहेत का?"

"असतील की. का?"

"सकाळी निघाले. रुमाल घरीच राहिलाय. ते रुमाल विसरत नाहीत." त्यांचा आवाज सरळ होता, पण मध्येच श्वास तुटत होता. "कपाट आवरून ठेवलंय, भाऊजी. सगळं नीट."

मी स्कूटर काढली. गाळ्याचं शटर अर्धं ओढलेलं, आत पुतण्या एकटा. स्टेशन बघितलं. देऊळ बघितलं. मग स्कूटर आपोआपच खाडीकडे वळली, आणि ती तिकडे का वळतेय हे मी मनातल्या मनातसुद्धा म्हणू शकत नव्हतो. वाशी गावाच्या बाजूला जेटीवर उन्हात होड्या ओढून ठेवल्या होत्या. आधी मला चपला दिसल्या. नीट शेजारी शेजारी ठेवलेल्या.

मग त्यांच्यापलीकडे शेठ दिसले. मांडी घालून बसलेले. समोर कोलंबीचा ढीग, आणि एक वयस्क कोळीण त्यांना दटावत होती, "अशी न्हाय रं, डोका धर आनि वढ. शिकवला कोनी का नाय तुला?"

मला बघून ती उठली आणि बाजूला आली. "तुमचा मानूस हाय ना? सकालपासना पान्याकरं बगत उबा होता. माजा जीव काय थाऱ्यावर ऱ्हायना. मी बोल्लू, बाबा, येकटीला सोलवत नाय, जरा हात लाव. त्याला उठूच दिला नाय." मग हळू आवाजात, "हात चांगला हाय त्याचा. पन मानूस लय लांब गेलाय."

मी जवळ गेलो. बोटं अगदी स्थिर. एकामागून एक कोलंबी सोलत होती. त्या दिवशी मला कळलं की या माणसाचा हात स्थिर असणं याच्याइतकी भीतीची दुसरी गोष्ट नाही.

मी शेजारी बसलो. शेठ म्हणाले, "तू भांडत का नाहीस?"

"घरी चला, मग भांडतो."

तसंच त्यांना कर्णिकबाईंकडे नेलं. वहिनी तिथे आल्या. बाईंनी रागावून घेतलं नाही. सगळं विचारलं, पाण्याबद्दलही, आडपडदा न ठेवता. काही दिवस त्यांना एकटं सोडायचं नाही हे ठरवलं. शेठ शेवटी म्हणाले, "बाई, त्या गोळीने माझा हात गेला."

"मला तेव्हाच सांगितलं असतंत तर मात्रा कमी केली असती. आताही करते. कापऱ्यासाठी आणखी एक छोटी देते. तरी थोडा राहील. कायमची नाही ही गोळी, बरं वाटून काही महिने गेले की हळूहळू काढू. पण ते मी ठरवीन. तोवर हात थोडा कापेल. चालेल का ते यांना विचारा." त्यांनी वहिनींकडे बोट केलं.

वहिनी म्हणाल्या, "मला कापऱ्या हाताचा चालेल."

शेठनी मान खाली घातली. म्हणाले, "बाजाराला चालणार नाही."

पंधरवड्याने ते गाळ्यावर आले तेव्हा मी मुद्दाम हजर होतो. नथूशेठही होता, वास लागल्यासारखा. पेटी उघडली. नथूशेठने हात पुढे केला आणि आपलाच रुमाल वर टाकला. शेठनी तो दोन बोटांनी उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला.

"रुमाल नको. माझा हात कापतो. डोक्याची गोळी खातो मी, डॉक्टरची. कुणाला माहीत नसेल तर आता झालं माहीत. भाव तोंडाने सांगणार. ज्याला परवडेल त्याने घ्यावा."

कुणीतरी म्हणालं, "शेठ, बाजाराची रीत आहे."

"रीत धड हातांची. माझा गेला मोडीत."

त्यांनी भाव सांगितला. मोठ्याने. हापूसचा भाव उघड्यावर ऐकून माणसं अशी दचकली जशी काही कुणी भर बाजारात धोतर सोडलं. दोघं हसले. नथूशेठ पाठ फिरवून गेला. शेठ पेटीपाशी उभे, हात पाठीमागे धरलेला, आणि तो पाठीमागेही कापतोय हे मला दिसत होतं. आता हा माणूस इथेच कोसळेल असं मला वाटलं. मग मी पुढे झालो आणि ओरडलो, "हा भाव? या कवड्यांना? लाज वाटत नाही? बागायतदार आंबे पिकवतो का सोनं?"

शेठची मान वर आली. "कोल्ह्या, तू आंबा बघितलायस का कधी? बोरं विक जा स्टेशनवर!"

असं जे सुरू झालं ते सगळ्या बाजाराने ऐकलं. घसा बसेपर्यंत भांडलो. अखेर मी त्यांच्याच भावाच्या जवळपास घेतला, पण रडत रडत. माझ्यामागून दुसरा आला, त्याला उघडा भाव सोपा वाटला. मग तिसरा. जुने घेणारे सगळे आले नाहीत, काही बागायतदारही तुटले. पण गाळा उघडा राहिला. तो हंगाम शेठनी तोंडाने काढला. मी कधी दमून गप्प बसलो तर म्हणायचे, "भांड रे. तू गप्प झालास की मला वाटतं मी अजून आजारीच आहे."

आणि बशी? बशीतला चहा रोज सांडायचा. त्यांच्या घरी गेलो की वहिनी फरशी पुसताना दिसायच्या आणि फडकं दाखवून म्हणायच्या, "सांडला आज पण!" त्या घरात चहा सांडला की आम्हा दोघांना बरं वाटायचं. हात कापतोय म्हणजे गोळी पोटात जातेय. मी तर भेटल्यावर त्यांच्या तोंडाकडे न बघता आधी हाताकडे बघायचो.

मग आला पुढचा हंगाम. पहिल्या पेट्या. मी गेलो तर शेठनी खांद्यावरून निळ्या काठाचा रुमाल काढला आणि आमच्या हातांवर टाकला.

"हे काय? उघडा भाव बंद?"

"तुझ्यापुरता. पहिली पेटी आहे."

रुमालाखाली मी त्यांचा हात धरला. कापत होता. चांगलाच कापत होता, गेल्या वर्षीपेक्षा जास्त. माझा जीव भांड्यात पडला की गोळी चालू आहे, आणि पाठोपाठ काळजी वाटली की एवढा का? मी भाव लावला. त्यांनी वरचा सांगितला आणि सांगता सांगता बोटं थरथरली, एक निसटलं. नथूशेठच्या वेळेसारखंच. मला मूठ मिटता आली असती. मी मिटली नाही. ते निसटलेलं बोट मी चाचपून शोधलं आणि परत जागेवर नेऊन ठेवलं, पुरतं. त्याच क्षणी त्यांनी मूठ मिटली. त्यांच्या भावाने. वरच्या.

"झाला सौदा," शेठ म्हणाले. "चहा रे!"

बशी आली. काठोकाठ. तीन बोटांवर घेतली त्यांनी, पुतण्याला दोन शिव्या दिल्या, हमालाला पेटी कुठे ठेवायची ते सांगितलं, माझ्याकडे वळून घरची खुशाली विचारली. थेंब हलला नाही.

खाडी आठवली, चपला आठवल्या. मी त्यांचं मनगट धरलं. "शेठ, परत बंद केलीत? खरं सांगा. वहिनींना फोन लावतो."

"लाव की."

मी खरंच लावला, त्यांच्याच फोनवरून. पलीकडे वहिनी आधी काही बोलल्याच नाहीत, मग हसायला लागल्या. "बाईंनीच काढली हो भाऊजी, दिवाळीच्या आधी. हळूहळू कमी करून. पहिली चालू आहे, ती माझ्या समोर घेतात. तुम्हाला सांगू नको म्हणाले, तुम्ही आलात की मुद्दाम हात कापवून चहा सांडायचे. पेट्या येईपर्यंत थांब म्हणाले."

मी फोन ठेवला. शेठ चहा संपवून बशी पुसत होते.

"म्हणजे हात कापत नाही तुमचा."

"नाही."

"मघाशी कापत होता."

"मघाशी मी विकत होतो."

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. त्यांनी ते सगळं डोळे मिटून, गाणं ऐकावं तसं ऐकलं. मग रुमाल खांद्यावर टाकून गाळ्यातून उतरले आणि पेट्यांच्या रांगांमधून पलीकडे चालू लागले. थोडं पुढे जाऊन थांबले. मागे वळले नाहीत. नुसता उजवा हात डोक्याच्या वर केला आणि मी घेतलेला भाव बोटांवर धरून दाखवला, सगळ्या बाजाराला, रुमालाशिवाय. बराच वेळ धरून ठेवला. पाचही बोटं उन्हात, आणि एकही हलत नव्हतं.